सार्वमत, कौल की जनादेश?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीत पुनर्विकासावर मतदान झालं, १३ विरुद्ध ११. दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं : 'सभासदांनी स्पष्ट जनादेश दिला आहे.' तेव्हापासून समोरच्या काकू जिन्यात मान फिरवून जातात. ताई विचारतात, हा शब्द बरोबर आहे का?

नाही. झालं ते सार्वमत आणि निघाला तो कौल.

सार्वमतातलं 'सर्व' विचारण्यापुरतं आहे. एकच प्रश्न, सगळ्यांना, थेट. उत्तर सगळ्यांचं सारखं आलं तर ते एकमत. जनादेश निवडणुकीतला : कारभार कुणी करायचा, एवढंच तो सांगतो. शिवाय आदेश म्हटला की तो मुकाट पाळायचा. फलक वाचताना त्या अकरा घरांना आपण 'जना'त धरलेच गेलो नाही असं वाटलं असणार, आणि ते मला अगदी समजतं.

हा फरक गोव्यात लख्ख दिसतो. १६ जानेवारी १९६७ ला तिथे सार्वमत झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण हरलं. आणि त्याच मतदारांनी मार्चमधल्या निवडणुकीत विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांच्याच हाती पुन्हा सत्ता दिली! कौल एकीकडे, जनादेश दुसरीकडे, आणि दोन्ही खरे.

कौल हा मूळ अरबी शब्द, अर्थ वचन. जुन्या कागदपत्रांत सरकार रयतेला कौल देतं, म्हणजे अभय देतं. कोकणात गुरव देवाला पाकळ्या लावतो; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारलं तेवढ्याचंच उत्तर. म्हणून मला हा शब्द फार प्रिय आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचं ठरलं, तर त्यालाच 'जनतेची इच्छा' म्हणायला लागले. मग उरलेले ४८ टक्के कोण? तिथली दुफळी नुसत्या शब्दाने पडली नाही, पण असल्या शब्दाने ती रुंदावते.

ताई, फलक बदलून घ्या. 'सभासदांचा कौल १३ विरुद्ध ११ असा पुनर्विकासाच्या बाजूने आहे.' दोन्ही आकडे हवेत, अकराचाही.