फिरोजशहा मेहतांना मुंबई महापालिकेचे जनक का म्हणतात?

मुख्य कारण म्हणजे १८७२ चा मुंबई महापालिकेचा कायदा. त्याआधी आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या उधळपट्टीवर करदाते भडकले होते. मेहतांनी मात्र त्याचीच बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असू द्या, पण त्याच्यावर लगाम लोकांनी निवडलेल्या सभेचा हवा. तेव्हा ते पंचविशीतले नवखे बॅरिस्टर! हाच विचार १८७२ च्या नव्या कायद्यात उतरला आणि सभेतल्या ६४ पैकी ३२ जागा करदात्यांच्या मतांवर आल्या. मतदान मूठभर पैसेवाल्यांपुरतंच होतं, हेही खरं. १८८८ च्या कायद्यावरही त्यांचा ठसा आहे, आणि महापालिका आजही त्याच कायद्याने चालते.

१८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा ते महापालिकेचे अध्यक्ष झाले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९०७ चा किस्सा. त्यांना पाडायला काही बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी चक्क गट बांधला. जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले प्रतिष्ठित मानद दंडाधिकारी) मंडळींनी निवडायच्या जागा १६, आणि मेहता आले सतराव्या क्रमांकावर! पण निवडून आलेला एक जण पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्याने अपात्र ठरला आणि मेहता पुन्हा सभागृहात.