चौदा पानांचा रिपोर्ट आणि आईची शुगर

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आई ६१ वर्षांची, २०१८ ला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. दीड वर्षापूर्वी पाठ दुखते पाठ दुखते म्हणत होती म्हणून स्कॅन केला तर मणक्यात आणि लिव्हरमध्ये पसरलेला निघाला. लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या गोळ्यांवर चौदा महिने छान गेले, आता लिव्हरमधली गाठ परत वाढतेय. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, एनजीएस ही जीन्समधले बदल शोधणारी टेस्ट करायला लावली, पैसे बरेच गेले आणि १४ पानांचा रिपोर्ट आला. पीआयकेथ्रीसीए, टीपी५३ अशी नावं, बीआरसीए२ पुढे व्हीयूएस लिहिलंय आणि शेवटी नऊ औषधांची यादी. यातलं आईला कुठलं लागू पडेल? मावशी तर म्हणतेय बीआरसीए आलंय म्हणजे आम्ही सगळ्या बहिणींनी तपासून घ्यायला हवं. हो, आईला दहा वर्षांपासून डायबेटिस आहे. (एक मुलगी, नाशिक)

उत्तर : शेवटची यादी आधी बाजूला ठेवा, तिनेच लोक घाबरतात नाहीतर उगाच हुरळून जातात. त्यात दुसऱ्याच कॅन्सरची औषधं असतात, काही नुसती ट्रायलमधली, म्हणजे अजून चाचणी चालू असलेली असतात. फ्रान्समध्ये हेच तपासलं होतं, साफिर झिरो टू नावाची ट्रायल, निकाल २०२२ ला आला. ज्यांच्यात पक्का पुरावा असलेला बदल सापडला त्यांना त्यानुसार औषध दिल्यावर आजार साधारण ९.१ महिने थांबून राहिला, चालू केमोवर २.८. पण सापडला बदल की दे औषध असं सगळ्यांचं मिळून पाहिलं तर खात्रीने सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. म्हणून १४ पानांत मी दोन-तीनच ओळी शोधते.

तुमच्या आईच्या रिपोर्टमधली कामाची ओळ पीआयकेथ्रीसीए, म्हणजे त्या नावाच्या जीनमधला बदल. हार्मोन पॉझिटिव्ह आजारात साधारण दहातल्या चौघींना हा बदल असतो आणि तो सहसा सुरुवातीपासून असतो, त्यामुळे जुन्या ब्लॉकवरही सापडतो. यावर आल्पेलिसिब नावाची गोळी आहे, फुलवेस्ट्रंट या हार्मोनवरच्या इंजेक्शनबरोबर. सोलार-वन ट्रायलमध्ये हा बदल असलेल्यांचा आजार या जोडीवर ११ महिने थांबून राहिला, नुसत्या फुलवेस्ट्रंटवर ५.७, आणि बदल नसलेल्यांना मोजण्यासारखा फायदा नाही. आता हे ११ म्हणजे मधला आकडा हं, कुणाला तीन महिने, कुणाला दोन वर्षं, आईचं नेमकं काय होईल ते कुठलाच रिपोर्ट सांगत नाही.

पण मी तुमची शेवटची ओळ दोनदा वाचली, ती डायबेटिसची. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, माझ्यासाठी तीच मोठी आहे. आल्पेलिसिब ज्या रस्त्यावर काम करतं तोच इन्सुलिनचा रस्ता आहे, त्यामुळे शुगर भडकते, त्या ट्रायलमध्ये एक तृतीयांशाहून जास्त जणींची भयंकर वाढली, आणि टाइप वन किंवा ताब्यात नसलेला टाइप टू असलेल्यांना तर त्यात घेतलंच नव्हतं. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना एचबीएवनसीचा (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा) ताजा रिपोर्ट आणि शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊनच जा. कॅपिवासर्टिब या दुसऱ्या गोळीबद्दलही विचारा, तेही याच बदलावर चालतं, शुगरचा त्रास त्यात कमी, जुलाब मात्र होतात.

दुसरं, रिपोर्टमध्ये ईएसआर-वन (इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जीनमधला बदल) दिसलं नाही म्हणून ते नाही असं समजू नका. हा बदल लेट्रोझोलसारख्या गोळ्या बरेच दिवस घेतल्यावर तयार होतो, २०१८ च्या ब्लॉकमध्ये तो सापडणार कुठून? त्यासाठी आजचं रक्त लागतं, म्हणजे लिक्विड बायोप्सी. तो निघाला तर एलासेस्ट्रंट नावाची गोळी आहे.

टीपी५३ वर या आजारात आज औषध नाही, सोडून द्या. आणि मावशींना सांगा, व्हीयूएस म्हणजे अर्थ न लागलेला बदल, त्यावरून ना ओलापारिब (बीआरसीए खरंच बिघडलेलं असेल तर देतात ती गोळी) सुरू करायचं, ना बहिणींनी धावाधाव करायची. पुढे यातले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. घरात आणखी कुणाला कमी वयात ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग आईची रक्तावरची जेनेटिक टेस्ट आणि समुपदेशन आधी.

प्रश्न : बायकोची एनजीएससाठी कंबरेच्या हाडाची बायोप्सी केली, आठवड्याने लॅब म्हणते डीएनए पुरेसा नाही. परत सुई टोचायची का? (सोलापूर)

उत्तर : हाड कापता यावं म्हणून ते ॲसिडमध्ये मऊ करतात आणि त्यात डीएनएची वाट लागते. ईडीटीए नावाच्या सौम्य रसायनात मऊ केलं तर डीएनए वाचतो, वेळ जास्त लागतो एवढंच, पण हे सुई टोचायच्या आधी पॅथॉलॉजीवाल्यांना सांगावं लागतं. लिव्हरमध्ये किंवा काखेत गाठ असेल तर तिथून घ्या. नसेल तर आधी रक्तावर करून बघा, त्यात काही सापडलं तर सुई वाचली, नाही सापडलं तर मात्र आजारात तो बदल नाहीच असं नाही, कारण काही गाठी रक्तात फारसा डीएनए सोडतच नाहीत, मग टोचावीच लागेल.