औषधरसायनशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स कसा काढतात? गूगल स्कॉलर आणि स्कोपसवर (दोन्ही शोधनिबंध आणि त्यांचे उल्लेख नोंदवणाऱ्या ऑनलाइन सेवा) तो वेगवेगळा का दिसतो?

सगळे पेपर सायटेशनच्या (इतरांच्या लेखनात त्यांचे आलेले उल्लेख) उतरत्या क्रमाने लावा. समजा आकडे 48, 31, 17, 9, 6, 4 आहेत. पाचव्याला 6 म्हणजे 5 पेक्षा कमी नाहीत, सहाव्याला मात्र 4 च. एच-इंडेक्स 5, म्हणजे किमान 5 सायटेशन असलेले 5 पेपर. बस, एवढंच गणित. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी 2005 मध्ये मांडलेलं.

फरक पडतो तो मोजणीत. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले पेपर), पेटंटमधले उल्लेखही धरतं, स्कोपस मुख्यतः निवडक जर्नल्स, पुस्तकं आणि परिषदांचे पेपर. म्हणून स्कॉलरचा आकडा सहसा फुगलेला. अर्जात कुठला आकडा आणि कुठल्या तारखेचा, ते लिहाच.

दुसरी भानगड नावांची. कुठे 'एस. कुलकर्णी', कुठे 'एस. व्ही. कुलकर्णी' असं छापलं की स्कोपसवर दोन प्रोफाइल तयार होतात आणि सायटेशन विभागले जातात. ती एकत्र करण्याची विनंती पाठवा, ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) जोडा. उलटंही होतं: नावबंधूचे पेपर तुमच्या खात्यात येतात. ते काढून टाका, गप्प बसू नका.

आता या आकड्याची मर्यादा. फायझर या औषध कंपनीतल्या लिपिन्स्की यांचा 'रूल ऑफ फाइव्ह'चा (रेणू तोंडावाटे घ्यायचं औषध होऊ शकेल का, याचा ढोबळ नियम) पेपर 1997 चा. त्याच जर्नलने 2001 मध्ये तो पुन्हा छापला, त्यामुळे उल्लेख दोन नोंदींत वाटले गेले. हजारो सायटेशन असूनही एच-इंडेक्समध्ये एका नोंदीची भर एकचीच! शिवाय कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ आधी पेटंट टाकतो, पेपर नंतर, कधी कधी येतच नाही. त्याचं काम बघायचं तर पेटंटमधली संशोधकांची नावं वाचा.