वाचकांचे प्रश्न : शाळेच्या कार्यक्रमात मुलींनी काय घालावे?

शाळेच्या कार्यक्रमांतील मुलींच्या पोशाखांविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : अमुक पोशाख तिला शोभेल का? मुलीला न पाहता मी त्याचे उत्तर देऊ शकत नाही, आणि खरे सांगायचे तर तो प्रश्न मला दुय्यम वाटतो. त्या दिवशी ती नाचणार आहे, बोलणार आहे, की तीन तास एका जागी बसणार आहे, हे ज्या पत्रांत स्पष्ट लिहिले होते तीच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी समूहनृत्यात फुलपाखरू होणार आहे. शाळेने सांगितल्याप्रमाणे जाळीच्या कापडाचा, टिकल्या लावलेला तयार पोशाख आणला. घातल्यावर पाच मिनिटांत ती ‘टोचतंय’ म्हणून रडू लागते. हे नखरे समजून दुर्लक्ष करावे का? कार्यक्रम आठवड्यावर आला आहे. — एक आई

उत्तर : नखरे समजू नका. पोशाख उलटा करा आणि त्याची आतली बाजू आपल्या मनगटाच्या आतील, नाजूक त्वचेवरून फिरवून पाहा. तळहातावर फिरवून काही कळणार नाही, कारण तेथील कातडी जाड असते. बहुधा तीन ठिकाणी आपलाच हात थबकेल : टिकल्या शिवलेल्या नायलॉनच्या दोऱ्याची कापलेली टोके, बगलेत आणि कमरेला शिवणीत गेलेली जाळीची कड, आणि मानेमागची चिठ्ठी. चिठ्ठी कात्रीने कापली तर तिचे उरलेले टोक पूर्वीपेक्षा अधिक टोचते, म्हणून तिची टीप उसवून ती समूळ काढावी. जाळीच्या कडांवर मऊ सुती कापडाची तिरपी पट्टी दुमडून शिवावी. दोऱ्यांची टोके कापत बसू नये. ती असंख्य असतात, आणि टाका सुटला तर टिकल्यांची सगळी रांग ओघळून येते. त्याऐवजी छातीच्या भागाला आतून पूर्ण सुती अस्तर लावावे. शिवणकाम जमत नसेल, तर आतून अंगाबरोबर बसणारी, जुनी, धुऊन मऊ झालेली सुती बंडी घालावी, आणि तीही उलटी, म्हणजे तिच्या शिवणी त्वचेकडे येणार नाहीत.

टोचण्याबरोबर उकाड्याचाही विचार करा. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता अशा प्रमाण हवेत सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टरचा धागा जेमतेम ०.४ टक्के. बाजारातील नृत्याचे पोशाख बहुतेक पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असतात. घाम त्यांत शिरत नाही, तो अंगावरच राहतो, आणि ओल्या त्वचेवर टोचणारी गोष्ट दुप्पट टोचते. सुती अस्तर किंवा बंडी येथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते.

यानंतर पोशाख घालून तिला घरातच पूर्ण नाच करू द्या. हात डोक्यावर नेल्यावर झगा किती वर चढतो, गिरकी घेताना पंख गळ्याला ओढतात का, खाली बसल्यावर जाळी पायात अडकते का, हे आरशासमोर उभे राहून कळत नाही. मी एकदा एका बालनाट्यासाठी शिवलेल्या परीच्या बाह्या इतक्या सुंदर आणि इतक्या लांब झाल्या होत्या, की परीला छडीच धरता येईना. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मोजमाप घेताना मी त्या मुलीला केवळ ताठ उभे केले होते. आणखी एक गोष्ट, जी पोशाख निवडणारी मोठी माणसे हमखास विसरतात : शौचालयात जायचे झाल्यास तो पोशाख तिला किती वेळात काढता येतो? पाठीला बारा हुक असतील, तर सहा वर्षांच्या मुलीसाठी तो पोशाख निरुपयोगी समजावा. हुकांच्या जागी चेन किंवा वेल्क्रो लावणे एका संध्याकाळचे काम आहे.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. वर्षभरात चार-पाच कार्यक्रम असतात आणि दर वेळी कपडे आखूड झालेले असतात. दोन मापे मोठे घेतले तर काय बिघडते? — एक बाबा

उत्तर : खांद्यावर बिघडते. पाच ते दहा या वयात मुली वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतात. पुढे ११-१२ व्या वर्षाच्या सुमारास काही काळ हा वेग ८ सेंटीमीटरच्या आसपास जातो. मात्र वयात येण्यापूर्वी ही वाढ धडापेक्षा पायांत अधिक होते. म्हणून लांबी भराभर अपुरी पडते, तर खांदा आणि छाती त्या मानाने सावकाश बदलतात. दोन मापे मोठा फ्रॉक घेतला तर खांद्याची शिवण दंडावर उतरते, मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, खाली लोंबतो, हात वर करताच सगळा कपडा वर ओढला जातो, आणि गळा पुढे झुकताना उघडा पडतो. खांदा बरोबर बसेल असेच माप घ्यावे आणि वाढीची सोय खाली ठेवावी. घेराला ६ ते ८ सेंटीमीटरची दुमड आणि बाजूच्या शिवणींत दोन-दोन सेंटीमीटर मार्जिन असेल, तर कपडा बहुधा एक-दोन वर्षे निभावतो. तयार कपड्यात एवढे मार्जिन क्वचित सापडते. दुकानात कपडा उलटा करून पाहण्याचा संकोच बाळगू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटू शकते, तेव्हा दुमड घालण्यापूर्वी ते एकदा धुऊन घ्यावे.

प्रश्न : ताई, मी आठवीत आहे. वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीत माझी निवड झाली आहे. मला पँट आणि शर्ट घालायचा आहे. आई म्हणते, व्यासपीठावर मुलीने फ्रॉकच घालावा. सूचनापत्रात फक्त ‘नीटनेटका, औपचारिक पोशाख’ एवढेच आहे. — एक स्पर्धक

उत्तर : सूचनापत्रातील तेच तीन शब्द तू आईला पुन्हा वाचून दाखव. नियमात काय लिहिले आहे आणि आपण त्यात काय गृहीत धरले आहे, या दोन गोष्टी पुष्कळदा वेगळ्या असतात. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या महिला जिम्नॅस्ट घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरल्या, तेव्हा अनेकांना तो नियमभंग वाटला. वास्तविक नियमांत तशा पोशाखाला आधीपासून मुभा होती, फक्त तो कोणी फारसे वापरत नव्हते. तुझ्या स्पर्धेच्या सूचनेतही स्त्री-पुरुष पोशाखाचा उल्लेख कोठेच नाही.

आईला पटेल असे आणखी एक कारण सांगते, आणि ते अगदी व्यवहारातले आहे. अंतिम फेरीत कपड्याला अडकवायचा लहान मायक्रोफोन देणार असतील, तर त्याची चिमटी लावायला शर्टाची बटणपट्टी उत्तम असते, आणि त्याला वायरने जोडलेली, आवाज पाठवणारी डबी कमरेच्या पट्ट्याला किंवा खिशात ठेवता येते. बिनपट्ट्याच्या फ्रॉकवर ती डबी कोठे लावावी, हा प्रश्न ऐन वेळी उभा राहतो आणि मग गळ्याचा कपडा तिच्या वजनाने ओढला जातो. कडक, सळसळणारे कापड आणि लांब माळ दोन्ही टाळ, कारण मायक्रोफोन त्यांचा प्रत्येक आवाज सभागृहाला ऐकवतो. स्पर्धेचे चित्रीकरण होणार असेल तर बारीक रेघांचा शर्ट नको, कारण पडद्यावर अशा रेघा थरथरताना दिसतात.

एक बाजू आईचीही ऐक. ‘औपचारिक’ म्हणजे इस्त्री केलेले, मापात बसणारे आणि खोचलेले. पँट घालायची असेल तर ती रोजच्या खेळाची नसावी. भाषण पाठ करतेस तसे ते त्या कपड्यांत उभे राहून आईसमोर एकदा म्हणून दाखव. माझा अनुभव असा की पोशाखाविषयीचे निम्मे वाद तेथेच मिटतात, कारण पाहणाऱ्याचे लक्ष कपड्यांवरून बोलण्याकडे जाते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वार्षिक कार्यक्रमासाठी सातवी ते नववीच्या तीस मुलींचे समूहनृत्य बसवत आहे. प्रकाशयोजनेसाठी पूर्ण पांढरा पोशाख ठरवला होता. काही मुलींनी तो नको म्हटले, पण कारण सांगेनात. शिवाय सर्व पालकांना नव्या पोशाखाचा खर्च झेपेल असेही नाही. — एक शिक्षिका

उत्तर : त्या मुली जे कारण सांगत नाहीत, ते बहुधा पाळीचे आहे. तीस मुलींपैकी काहींची पाळी त्याच दिवशी असणार, काहींची अजून नियमित झालेली नसणार, आणि एखादीची पहिलीच त्या दिवशी यायची शक्यताही असते. पांढऱ्या कपड्यांत, शेकडो लोकांसमोर, उड्या मारायच्या असताना ही भीती मनात घेऊन कोणाचाही नाच मोकळा होणार नाही. या भीतीला मोठमोठ्या संस्थांनीही उशिरा का होईना, मान दिला आहे. विम्बल्डनचा पांढऱ्या पोशाखाचा नियम कडकपणाबद्दल प्रसिद्ध आहे, तरीही २०२३ पासून तेथे महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची आतली शॉर्ट्स घालण्याची परवानगी देण्यात आली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाच्या मुख्य गणवेशातील पांढऱ्या शॉर्ट्सही निळ्या झाल्या. नावाजलेल्या खेळाडूंना जी अडचण सांगायला इतका काळ लागला, ती सातवीतल्या मुलीने आपल्या शिक्षिकेला चारचौघींत सांगावी ही अपेक्षाच चुकीची आहे. तेव्हा कारण विचारत बसू नका, पोशाख बदला.

प्रकाशयोजनेचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे. पांढरे कापड ज्या रंगाचा प्रकाश पडेल तो रंग घेते, म्हणूनच ते सर्वांना हवेसे वाटते. पण हा गुण कमरेच्या वरच्या भागातूनही पुरेसा मिळतो. वर पांढरा सदरा किंवा टॉप आणि खाली गडद निळी किंवा काळी पँट वा घेरदार स्कर्ट ठेवा. खाली गडद रंग असला म्हणजे पायांच्या हालचाली थोड्या लपतात हे खरे, पण हातांच्या हालचाली उठून दिसतात. त्यानुसार नृत्यात दोन-चार बदल करता येतील. पूर्ण रंगीत पोशाख घ्यायचा झाला तर लाल रंगाविषयी सावध राहा : निळ्या किंवा हिरव्या प्रकाशात लाल कापड काळपट दिसते. दिवे हाताळणाऱ्यांकडून कापडाचा तुकडा आधी दिव्याखाली धरून पाहावा. स्कर्ट असेल तर सर्वांसाठी आतून गडद, घट्ट बसणारी शॉर्ट्स अनिवार्य करावी. सर्वांनाच ती असली म्हणजे कोणी एकटी पडत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत सॅनिटरी पॅड, एक-दोन जादा शॉर्ट्स आणि सेफ्टी पिना असलेली पेटी उघड्यावर ठेवा. मागावी लागेल अशा जागी ठेवलेली पेटी नसल्यासारखीच.

खर्चाचे उत्तरही याच बदलात दडले आहे. शाळेने ‘पोशाख’ न ठरवता ‘रंग’ ठरवावा. पांढरा टॉप आणि गडद पँट बहुतेक घरांत असते, नसेल तर बहिणीकडून किंवा मैत्रिणीकडून मिळते. पांढऱ्याच्या छटा थोड्या वेगळ्या असतील, तर दिव्यांखाली तो फरक फारसा जाणवत नाही. सगळ्यांना एकसारखी दिसणारी अशी एकच वस्तू शाळेने करावी, उदाहरणार्थ कमरेचा रुंद, चमकदार पट्टा. तो काही मीटर कापडात तिसांचा होतो आणि पुढील वर्षी पुन्हा वापरता येतो. हे दिसायला साधे होईल अशी शंका आपल्या मनात येईल. तीस जणी एका ठेक्यात हलतात तेव्हा साधेपणाच एकसंध दिसतो, आणि टिकल्यांनी लगडलेला पोशाख उलट नजर विखुरतो, असे मी पुष्कळ वर्षे प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून पाहिले आहे.

प्रश्न : नातीच्या वर्गाने हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन गाणे बसवले आहे. पोशाखाच्या बाह्या झालरीच्या आहेत. मला धास्ती वाटते, पण घरचे हसतात. — एक आजी

उत्तर : आजी, आपली धास्ती योग्य आहे. कापड बदलून हा धोका जात नाही : सुती कापड चटकन पेट घेते, तर पॉलिएस्टर आणि नायलॉन सुमारे २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळून त्वचेला चिकटतात. सैल झालर, घेर आणि मोकळे केस हे ज्योतीपर्यंत सर्वांत आधी पोहोचतात, आणि मुली एकमेकींना खेटून उभ्या असतात. शाळेला बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या सुचवाव्यात. मागच्या रांगेतून फरक कळतही नाही. शाळा ऐकत नसेल, तर नातीने त्या गाण्यात भाग घेऊ नये, इतके स्पष्ट मत मी येथे देते.

त्याच पोशाखाला मानेशी नाडी असेल तर तीही काढून टाकावी. लहान मुलांच्या कपड्यांतील दोऱ्या-नाड्यांसाठी युरोपात वेगळे सुरक्षा मानक आहे आणि सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांत मानेशी व टोपीला नाडी त्यात चालत नाही. नाडी कोठेही अडकून गळा आवळला जाऊ शकतो, हे त्यामागचे कारण.

प्रश्न : संचलनासाठी नवे बूट कार्यक्रमाच्या दिवशीच घालावेत, म्हणजे चकचकीत राहतील, असे मुलगी म्हणते. — एक आई

उत्तर : नको. किमान आठवडाभर रोज थोडा वेळ, संचलनात घालायचे तेच मोजे घालून, घरात वापरू द्या. पुढे सर्वांत लांब बोटापलीकडे साधारण एक सेंटीमीटर जागा असावी आणि टाच आत सरकू नये. टाच सरकत असेल तर फोड येणारच. आदल्या रात्री पॉलिश करा, बूट चकचकीत दिसतील.