वाचकांचे प्रश्न : गेमिंगचा हेडसेट डोक्याला जाचतो तेव्हा

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. रात्री अभ्यास आटोपल्यावर मित्रांबरोबर संगणकावर दोन-तीन तास व्हॅलोरंट हा गोळीबाराचा खेळ खेळतो. मला चष्मा आहे. सध्याचा हेडसेट घातल्यावर तासाभरात कानशिले दुखू लागतात, कान तापतात, आणि दीड वर्षातच त्याच्या गाद्यांचे काळे पापुद्रे मानेवर पडू लागले आहेत. नवा घेताना वजनाने सर्वांत हलका निवडावा का? दुकानदार मात्र मोठ्या ड्रायव्हरचा (म्हणजे कपातील आवाज निर्माण करणाऱ्या चकतीचा) आणि ७.१ आवाजाचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतो असे वाटवणारा घ्या, असा आग्रह धरतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. केवळ वजन कमी करून त्यांपैकी एकही पूर्णपणे मिटणार नाही, आणि दुकानदाराने सुचवलेल्या दोन गोष्टींचा तर यांतल्या कशाशीच संबंध नाही.

कानशिलांच्या दुखण्यापासून सुरुवात करू. हेडसेटची पट्टी दोन्ही बाजूंनी डोके दाबून धरते. त्या पकडीमुळेच तो जागेवर राहतो आणि बाहेरचा आवाजही अडतो, म्हणून पकड अजिबात नसून चालत नाही. मात्र ती जास्त झाली की डोके दुखते. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा बाह्य दाबाच्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंद आहे. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात ती उद्भवते, दाब असतो त्याच जागी सर्वाधिक जाणवते आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबते. आपले दुखणे या वर्णनात बसत असेल, तर दोष हेडसेटचा आहे असे समजायला हरकत नाही. हेडसेट काढून झोपल्यावरही सकाळी डोके दुखतच असेल, तर मात्र दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

चष्म्यामुळे हा त्रास दुणावतो. गादी चष्म्याच्या काडीला दाबते आणि काडी कानामागच्या हाडावर रुतते, म्हणजे जो दाब एरवी गादीभर पसरला असता तो एका अरुंद रेषेत एकवटतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे खेळताना पातळ, चपट्या काड्यांचा चष्मा वापरणे. जाड प्लॅस्टिकच्या काड्या या कामी सर्वांत वाईट. दुसरा म्हणजे दाबल्यावर काडीला सामावून घेईल इतक्या मऊ फोमची गादी निवडणे. टर्टल बीच या कंपनीने आपल्या काही मॉडेलांत काडी येते तेवढ्या भागात मुद्दाम अधिक मऊ फोम वापरला आहे, आणि ती कल्पना मला खरोखर उपयोगी वाटते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काडीमुळे गादी आणि कातडी यांच्यात फट राहते, त्या फटीतून खर्जाचा आवाज निसटतो, आणि तो कमी वाटतो म्हणून चष्मेवाले नकळत आवाज वाढवतात. त्यामुळे आपल्या बाबतीत चांगली गादी ही कानशिलांची आणि कानांची, दोन्हींची सोय आहे.

सध्याच्या हेडसेटच्या पट्टीत धातूची पाती असेल, तर तो टाकून देण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. आपल्या डोक्यापेक्षा किंचित रुंद असा पुस्तकांचा गठ्ठा रचून त्यावर हेडसेट रात्रभर चढवून ठेवावा आणि सकाळी घालून पाहावा. पकड बरीचशी सैल होते. पट्टी निव्वळ प्लॅस्टिकची असेल तर मात्र हे करू नये. ती वाकण्याऐवजी तडकते.

आता वजनाविषयी. बाजारातील आकडे पाहिले तर लॉजिटेकचा जी४३५ हा १६५ ग्रॅमचा आहे, त्याच कंपनीचा जी३३५ आणि रेझरचा ब्लॅकशार्क व्ही२ एक्स हे दोन्ही २४० ग्रॅमचे आहेत, हायपरएक्सचा क्लाउड स्टिंगर २७५ ग्रॅमचा आहे आणि तारेविना चालणारे अनेक हेडसेट बॅटरीमुळे ३०० ग्रॅमच्या पुढे जातात. वजन किती आहे यापेक्षा ते डोक्यावर किती जागेत पसरते याला अधिक महत्त्व आहे. डोक्यावर हंडा घेणारी बाई खाली चुंबळ ठेवते ती याचसाठी. काही हेडसेटमध्ये कडक कमानीच्या खाली ताणली जाणारी कापडी पट्टी असते. ती डोक्याच्या आकाराप्रमाणे बसते आणि टाळूवर एकाच ठिकाणी भार येऊ देत नाही. अशा पट्टीचा २८० ग्रॅमचा हेडसेट टणक पट्टीच्या २३० ग्रॅमच्या हेडसेटपेक्षा दुसऱ्या तासाला अधिक सुसह्य वाटू शकतो. तरीही रोज दोन-तीन तास खेळणाऱ्याने ३०० ग्रॅमच्या आत राहावे, असे माझे मत आहे, कारण डोक्यावरचा भार अखेर मानेलाही पेलावा लागतो.

गादीच्या आतील पोकळीकडे फारच थोडे लोक पाहतात. प्रौढ माणसाच्या कानाची उंची साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर असते. घरी मोजपट्टीने आपला कान मोजावा आणि पोकळीची उंची त्याहून थोडी अधिक आहे की नाही ते पाहावे. पोकळीची खोलीही तितकीच महत्त्वाची आहे. ती कमी असेल तर कानाची पाळ आतल्या कडक जाळीवर टेकते, आणि पहिल्या दहा मिनिटांत न जाणवणारा तो स्पर्श तासाभरात असह्य होतो. वर उल्लेखिलेला जी४३५ हलका आहे खरा, पण त्याची पोकळी लहान आहे. मोठ्या कानांच्या माणसाला तो वजनाचे आकडे पाहून घेतल्याचा पश्चात्ताप होईल.

पापुद्र्यांचा दोष आपल्या वापराचा नाही. स्वस्त गाद्यांवर जे रेक्झिन असते ते बहुधा पॉलियुरेथेनचा थर दिलेले कापड असते, आणि घाम व दमट हवा यांमुळे तो थर रासायनिकदृष्ट्या तुटत जातो. चिपळूणच्या पावसाळ्यात हे अधिक लवकर घडते. हेच रेक्झिन हवा अडवते, म्हणून कानही तापतात. आपल्यासाठी जाळीदार कापडाची किंवा मखमली गादी योग्य ठरेल. तिचा तोटा असा की ती बाहेरचा आवाज कमी अडवते. पंख्याची घरघर आणि शेजारच्या खोलीतील दूरदर्शन थोडे ऐकू येईल. ते सोसण्यासारखे आहे. पाठीमागून उघड्या असणाऱ्या, म्हणजे कपाला बाहेरून जाळी असणाऱ्या हेडसेटमध्ये कान याहूनही गार राहतात, पण त्यांचा आवाज बाहेर फुटतो आणि रात्री घरातील माणसे आपला प्रत्येक गोळीबार ऐकतील. खेळून झाल्यावर गाद्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि हेडसेट बंद खणात न ठेवता खुंटीला टांगावा. घेण्याआधी त्या मॉडेलच्या सुट्या गाद्या मिळतात का, हे अवश्य विचारावे. गादी बदलता येत नसेल तर गादीच्या आयुष्याएवढेच त्या हेडसेटचे आयुष्य, मग आतील यंत्रणा कितीही उत्तम असो.

ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा की ५० चा, यावरून आवाजाची प्रत ठरत नाही. ७.१ हा तर बहुतेक हेडसेटमध्ये सॉफ्टवेअरने साधलेला आभास असतो. विंडोजमध्ये तशी सोय फुकट आहे आणि व्हॅलोरंटमध्ये आवाजाची दिशा दाखवणारी स्वतःची सोय आहे. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवल्यास खेळातील प्रतिस्पर्ध्यांच्या पावलांची दिशा ओळखणे उलट बिघडते. तेवढे पैसे गादीवर खर्च करावेत. माझ्यापुरते विचाराल तर आपल्या वर्णनाला तारेचा, कापडी गादीचा आणि वर सांगितलेल्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीचा जी३३५ सर्वांत जवळचा वाटतो. तो घ्या किंवा दुसरा कोणता घ्या, दुकानात नेहमीचा चष्मा लावून निदान पंधरा-वीस मिनिटे घालून बसावे, जबडा हलवून बोलावे, मान खाली घालून पाहावे. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आणि अटी आधी वाचाव्यात आणि पहिल्याच संध्याकाळी तो सलग दोन तास वापरून पाहावा.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीत रोज दोन तास संगणकावर खेळतो. मोठ्यांचा हेडसेट त्याच्या डोक्यावरून घसरतो. त्याच्यासाठी आवाजाला ८५ डेसिबलची मर्यादा असलेला हेडसेट घेतला तर कानांची काळजी मिटेल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : घसरण्याचा प्रश्न सोपा आहे. पट्टी सर्वांत लहान मापावर ठेवली असता कप कानांवर बरोबर बसतात की नाही, एवढे पाहावे; आधीच्या उत्तरात मोठ्या कानांसाठी नाकारलेला जी४३५ लहान डोक्याला बरा बसतो आणि त्याला आवाजाची मर्यादा घालण्याची सोयही आहे.

मर्यादेविषयी मात्र सावध राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल हा आठवड्याला ४० तासांचा सुरक्षित हिशेब धरला आहे. दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्यामुळे मुलांसाठी ८५ डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, आणि आपला मुलगा सुट्टीत चौदा तास खेळतो. ८५ ची मर्यादा ही छप्पर आहे, रोजची पातळी नव्हे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह २०२५ मध्ये व्हिडिओ गेमसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले, यावरून हा विषय किती गंभीर मानला जातो ते लक्षात येईल.

घरी करण्याजोगी कसोटी अशी : तो खेळत असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात त्याला हाक मारावी. त्याला ती ऐकू आली नाही, तर आवाज कमी करायला हवा. आवाज मित्रांचे बोलणे नीट ऐकू यावे म्हणूनच बहुधा वाढवला जातो. खेळाच्या सेटिंगमध्ये स्फोट, संगीत आणि संभाषण यांच्या पातळ्या वेगवेगळ्या ठेवता येतात. पहिल्या दोन खाली आणून संभाषण आहे तसे ठेवले की एकूण आवाज वाढवावा लागत नाही. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : माझ्याकडे ब्लूटूथचे हेडफोन आहेत आणि ते चार-चार तास घातले तरी त्रास होत नाही. पण खेळताना माइक चालू केला की सगळा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. गेमिंगसाठी वेगळा हेडसेट घ्यावाच लागेल का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : नाही. माइक चालू होताच ब्लूटूथ दूरध्वनीच्या पद्धतीकडे वळते आणि तिच्यात आवाज दोन्ही कानांत एकसारखाच (मोनो) आणि हलक्या प्रतीचा असतो. बिघाड काही नाही. त्यातच ब्लूटूथने आवाज पडद्यावरील दृश्यापेक्षा किंचित उशिरा पोहोचतो, हे वेगवान खेळात जाणवते. चार तास न टोचणारे हेडफोन मिळणे दुर्मीळ असते, तेव्हा ते सोडू नका. त्यांना ३.५ मिलिमीटरची तार जोडण्याची सोय असेल तर खेळताना तार जोडा आणि बोलण्यासाठी टेबलावर ठेवायचा एखादा साधा यूएसबी माइक घ्या. तार जोडण्याची सोय नसेल, तरी संगणकात माइक म्हणून तो यूएसबी माइक निवडला की डब्यातला आवाज जाईल. उशीर तेवढा राहील.