लसूण की स्पिरुलिना हे नंतर ठरवा, आधी आईंच्या पायांच्या मुंग्या बघा

तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. आई ५८ वर्षांच्या, पूर्ण शाकाहारी, सतत थकवा, तळपायांना मुंग्या, शुगरची मेटफॉर्मिन आठ वर्षं चालू. काकू म्हणतात रोज सकाळी कच्चा लसूण द्या, भाऊ स्पिरुलिनाचा (पाण्यात वाढणाऱ्या हिरव्या शेवाळासारख्या जिवाणूच्या गोळ्यांचा) डबा घेऊन आलाय, आणि तुम्ही विचारताय की दोन्हींत जास्त पौष्टिक काय. उत्तर देतेच, पण माझं लक्ष त्या मुंग्यांपाशीच अडकलं. सहा वर्षांपूर्वी माझे पाय असेच होते, आणि कारण निघालं बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. सोलापुरात घरी शिवणकाम करते. जे भोगलं आणि त्यानंतर जे वाचून, विचारून घेतलं तेवढंच सांगते. औषधाचं काय ते आईंच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१०० ग्रॅममागे स्पिरुलिना लसणाच्या कितीतरी पुढे दाखवणारा, तुमच्या भावाने पाठवलेला तक्ता खोटा नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे तसेच आहेत. १०० ग्रॅम वाळलेल्या स्पिरुलिनात प्रथिनं साधारण ५७ ग्रॅम, लोह २८.५ मिलिग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या लसणात प्रथिनं ६.४ ग्रॅम, लोह १.७ मिलिग्रॅम. बघणाऱ्याला वाटतं, लसणाचं नावच काढू नये. पण स्पिरुलिनाच्या त्या भुकटीत पाणी जेमतेम ५ टक्के आणि लसणात जवळपास ५९ टक्के. वाळवायच्या आधीच्या ओल्या स्पिरुलिनात ९० टक्के पाणी असतं आणि प्रथिनं भरतात ६ ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे लसणाएवढीच. कसुरी मेथीची तुलना कोणी ताज्या जुडीशी करतं का? तसंच आहे हे. शिवाय क जीवनसत्त्व, बी-६ आणि कॅल्शियम या तिन्हींत लसूण ओला असूनही पुढे आहे. क जीवनसत्त्व लसणात ३१ मिलिग्रॅम, स्पिरुलिनात १०. हे तक्त्यात कोणी ठळक छापत नाही.

आणि १०० ग्रॅम खातं कोण? मी काट्यावर तोलून पाहिलं होतं. १०० ग्रॅम लसूण म्हणजे तीन चांगले गड्डे. दिवसाला पोटात जातात तीन-चार पाकळ्या, म्हणजे १० ग्रॅम. स्पिरुलिनाच्या ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या घेतल्या तर ते झाले ३ ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात १.७ ग्रॅम आणि लोह एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी. आपल्याकडच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२० ची शिफारस सांगते. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅम प्रथिनं असतात. आमच्याकडची शेंगाचटणी भाकरीवर दोन चमचे वाढून घेतली, तरी सहा गोळ्यांपेक्षा जास्त प्रथिनं पोटात जातात आणि लसूण त्यात असतोच.

म्हणजे पोषणाच्या हिशेबात या दोन्हींवर कोणाचं शरीर उभं राहत नाही. हे माझं मत आहे, पण ठाम आहे.

आता माझी चूक सांगते. रक्ताच्या तपासणीत माझं बी-१२ १४८ आलं होतं, म्हणजे कमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, आधी आठवड्याला, मग महिन्याला. तीन महिन्यांत अंगात बळ आलं. तेवढ्यात ओळखीच्या एका बाईंनी मला एका आहार सल्ला केंद्रात नेलं. नाव लिहीत नाही. भिंतीवर हाच १०० ग्रॅमचा तक्ता होता, शेजारी आफ्रिकेतल्या चाड देशातल्या बायका तळ्याकाठी स्पिरुलिना वाळवताहेत असं चित्र. पिढ्यान्‌पिढ्या त्या हेच खातात असं सांगितलं. ते खरं आहे, पण त्या बायका वाळलेल्या स्पिरुलिनाची वडी मांस-मासळीच्या कालवणात घालतात, हे मला खूप नंतर कळलं. तिथल्या बाई म्हणाल्या, बी-१२ फक्त जिवाणू तयार करतात, स्पिरुलिना हा स्वतःच जिवाणू आहे, मग केमिकलची सुई कशाला टोचून घेता? डब्यावर बी-१२ चा मोठा आकडा छापलेला होता. मला ते पटलं. मी डॉक्टरांना न विचारता इंजेक्शन बंद केलं आणि महिन्याला नऊशे रुपयांच्या गोळ्या सुरू केल्या. अकरा महिने.

स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांश छद्म असतं. रेणू दिसायला जवळपास तसाच, पण आपल्या शरीराला तो वापरता येत नाही. जिवाणू वाढवून मोजायची जी जुनी पद्धत आहे तिच्यात खरं आणि छद्म दोन्ही एकत्र मोजलं जातं, म्हणून डब्यावरचा आकडा फुगतो. हे एक वाक्य मला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

सातव्या महिन्यात मुंग्या परत आल्या. केंद्रात गेले तर म्हणाल्या, शरीर शुद्ध होतंय, मुंग्या येणं हे चांगलं लक्षण आहे, गोळ्या दुप्पट करा. मी केल्या! हिमोग्लोबिन तपासलं तर १२.८. बघा, सगळं उत्तम आहे, असं म्हणून माझ्या वहीत लाल पेनाने चांदणी काढली. बी-१२ तपासायचं नावही काढलं नाही. बी-१२ कमी असताना रक्त चांगलं दिसू शकतं आणि नसा आतून झिजत राहतात, हे सल्ला देऊन पैसे घेणाऱ्यांना माहीत नसावं? ते चार महिने मला सगळ्यांत महाग पडले. पुढे मी रिपोर्ट घेऊन गेले, डब्यावरचा आकडा कुठल्या तपासणीतून आला एवढंच विचारलं, तर तीन वेळा उद्या या सांगून परत पाठवलं. लेखी काहीच दिलं नाही. पावतीवर फक्त ‘हेल्थ किट’ लिहिलेलं. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर?

मला कळलं ते कामावर. माझ्या मशीनला मोटर आहे, पायाने दाब कमी-जास्त करायचा. एका परकराला काठ लावत होते. पायाला दाब कळलाच नाही, मशीन एकदम धावलं आणि काठ सोडून वीतभर तिरकी शिलाई पडली. पाय कुठे आहे ते वाकून बघावं लागलं. त्याच आठवड्यात फाटकापासून जिन्यापर्यंत एका पायात चप्पल नसताना चालत आले, शेजारच्या मुलाने चप्पल आणून दिली तेव्हा समजलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नादकाटा वाजवून घोट्याच्या हाडाला टेकवला आणि थरथर थांबली की सांगा म्हणाले. मी विचारलं, सुरू झाली का? बी-१२ आलं ९६.

इंजेक्शनं परत सुरू झाली. हातांचं पूर्ण बरं झालं, उजव्या पायाचंही. डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत आणि तशीच राहतील असं डॉक्टर म्हणतात, कारण उशीर झाला.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, या आठवड्यात आईंचं बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, अॅसिडिटीच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तरीही. आकडा काठावर आला तर बी-१२ खरंच कमी पडतंय का ते दाखवणाऱ्या आणखी दोन तपासण्या, मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन, करायच्या का, ते डॉक्टरांना विचारा. थकव्यासाठी फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. आणि शुगरमुळेही पायाला मुंग्या येतात, तेव्हा मी म्हणते तेच कारण असेल असं धरून चालू नका. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका, नाहीतर माझीच चूक वेगळ्या औषधाबाबत होईल.

आणलेला डबा फेकून द्या असं मी म्हणत नाही. स्पिरुलिना विष नाही. चांगल्या जागी वाढवलेली, जड धातू आणि मायक्रोसिस्टिन या विषाची तपासणी झालेली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर घेऊ देत. फक्त तिला बी-१२ समजू नका.

लसणाबद्दल काकूंचं काही अगदी चुकत नाही. लसणाचं मोल प्रथिनांत नाही, त्याच्या गंधकाच्या संयुगांत आहे. पाकळी ठेचली की त्यांतलंच एक, अॅलिसिन, तयार होतं. अख्खी पाकळी गिळली किंवा थेट गरम तेलात टाकली तर ते फारसं होत नाही, म्हणून ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवायची, मग फोडणीत घालायची. रक्तदाबावर थोडा उतार पडतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण थोडाच. उपाशीपोटी कच्चा लसूण मला कधीच सोसला नाही, छातीत आग व्हायची. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दात काढायचा असेल, तर रोजच्या कच्च्या लसणाबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. आणि सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर बरणीत ठेवायची सवय असेल तर ती सोडा. तेलाखाली हवा नसते, तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात. फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

दूध-दही रोज असू द्या, शाकाहारी माणसाला रोजच्या जेवणातून बी-१२ मिळतं ते मुख्यतः तिथूनच. माझ्या बाबतीत तेवढं पुरलं नाही, तुमच्या आईंना पुरतंय का ते तपासणीतच दिसेल. रिपोर्ट आला की आकडा इथे लिहा, आणि डोळे मिटून उभं राहिल्यावर आईंचा तोल जातो का, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. माझा जात होता आणि मी ते म्हातारपण समजत होते, तेव्हा माझं वय ४९ होतं.