ब्रेनडेड ठरवायला व्हेंटिलेटर काढतात, त्या दहा मिनिटांतच पेशंट गेला तर?

तुम्ही विचारलंय की मामांना ब्रेनडेड ठरवण्याआधी डॉक्टर दहा मिनिटं व्हेंटिलेटर काढून बघणार आहेत. त्यांना न्यूमोनियाही आहे. मग या चाचणीनेच काही झालं तर? आणि याहून सुरक्षित पद्धत नाही का?

मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूत काम करतो. ही अ‍ॅप्निया टेस्ट अनेकदा केली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे व्हेंटिलेटर काढतात, ऑक्सिजन काढत नाहीत. नातेवाइकांना हे कुणी नीट सांगत नाही आणि मग लोकांना वाटतं, पेशंटला गुदमरवून बघतात. आपल्याला श्वास घ्यायला लावतो तो मुख्यतः रक्तात वाढणारा कार्बन डायऑक्साइड. तो साठू द्यायचा आणि मेंदूच्या देठातून एक तरी श्वास येतो का, ते पाहायचं, एवढीच ही चाचणी. श्वास थांबला की हा वायू मिनिटाला साधारण 3 मिमीने (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिमीत मोजतात) चढतो. सुरुवातीला 40 च्या आसपास असतो, तो 60 च्या वर आणि मूळ आकड्यापेक्षा किमान 20 ने जास्त जावा लागतो. म्हणून 8 ते 10 मिनिटं. (जुन्या दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचा आकडा मुळातच चढा असतो, तिथे नुसत्या 60 वर भागत नाही.)

धोका आहे, नाही म्हणणार नाही. बीपी पडतं, सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) उतरतं, ठोके बिघडतात. पण बहुतेक वेळा कारण तयारीत सापडतं. अंग 36 अंशांच्या वर गरम हवं, वरचं बीपी 100 च्या वर हवं, आधी दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन दिलेला हवा आणि एबीजीत (धमनीच्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी) ऑक्सिजन 200 मिमीच्या वर आलेला हवा. झोपेच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा अंशही उरलेला नको. घाईने सुरू केलेली टेस्ट अर्ध्यावर सोडावी लागते, हा माझाही अनुभव.

आता सुरक्षित पद्धतीबद्दल. जुन्या रीतीत नळीतून एक बारीक कॅथेटर आत सोडून मिनिटाला सुमारे 6 लिटर ऑक्सिजन देतात. निरोगी फुप्फुसांत हे छान चालतं. पण व्हेंटिलेटरचा दाब गेला की फुप्फुसातले कप्पे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे चिकटत जातात आणि ऑक्सिजन देऊनही रक्तात पोचत नाही. न्यूमोनियात तर हे फार लवकर होतं. शिवाय कॅथेटर जाड असेल आणि हवेला बाहेर यायला वाट नसेल, तर फुप्फुस फाटूही शकतं. म्हणून मी टी-पीसला (श्वासनळीतल्या नळीला जोडायचा टी आकाराचा तुकडा) सीपॅपचा, म्हणजे हवेचा सततचा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह लावतो, पाण्याच्या 10 सेंमी दाबाचा. श्वास कुणी देत नाही, पण कप्पे उघडे राहतात. त्याआधी फुप्फुसं एकदा फुगवून घेतली तर आणखी बरं. तुमच्या मामांसाठी मी हेच करेन, आणि तुम्हीही डॉक्टरांना विचारा, "सीपॅपवर करणार का?"

हेच सीपॅप व्हेंटिलेटरवर ठेवूनही देता येतं, पण तिथे मशीन फसवतं. हृदयाच्या ठोक्याने नळीतली हवा हलते आणि मशीनला वाटतं, पेशंटने श्वास ओढला. एका मुलाने मला स्क्रीन दाखवून विचारलं होतं, "डॉक्टर, मिनिटाला श्वास सेट 14 आहे, मग 18 कसे दिसतायत? बाबा श्वास घेतायत ना?" ट्रिगर (पेशंटचा श्वास ओळखणारं सेटिंग) कमी संवेदनशील केला आणि चौदाच उरले. त्याच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हापासून टेस्ट चालू असताना मी स्क्रीनकडे नाही, छाती-पोटाकडेच बघतो, पांघरूण बाजूला करून.

मध्येच बीपी 100 च्या खाली गेलं किंवा सॅचुरेशन 85 च्या खाली, तर लगेच एबीजीसाठी रक्त घेऊन व्हेंटिलेटर परत जोडायचा. तोवर कार्बन डायऑक्साइड पुरेसा चढला असेल तर टेस्ट पूर्ण, नाहीतर अनिर्णित. श्वासाचा एक जरी प्रयत्न दिसला तर पेशंट ब्रेनडेड नाही, विषय तिथेच संपतो.

वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने मेंदूवरचा दाब वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ही चाचणी सगळ्यात शेवटी करतात: डोळ्यांच्या बाहुल्या, डोळ्यांची हालचाल, खोकला, सगळी प्रतिक्षिप्त क्रिया बंद झाल्यावर. नळीत सक्शन घातल्यावर मामा खोकत असतील, तर ही टेस्ट करायचीच नाही.

अवयवदानासाठी 1994 च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर सही करतात, त्यांत प्रत्यारोपण करणारा कुणी नसतो, आणि सगळ्या चाचण्या किमान 6 तासांनी पुन्हा होतात. परदेशात ही टेस्ट जमतच नसेल तर मेंदूचा रक्तप्रवाह तपासतात. आपल्याकडे ब्रेनडेड ठरवताना भरायच्या फॉर्म 10 मध्ये मात्र स्वतःचा श्वास थांबल्याची नोंद करावीच लागते, त्यामुळे तो पर्याय इथे तितका सोपा नाही.

तुम्हाला सोसणार असेल तर टेस्टच्या वेळी आत उभं राहू द्या म्हणून विचारा. मी विचारणाऱ्यांना उभं राहू देतो. फक्त आधी सांगतो, पाठीच्या कण्यातून येणारी हालचाल दिसू शकते, बोटं किंवा हात हलू शकतो. तो श्वास नव्हे.